घमेल्यातला डोंगर

पहिल्या तासाला डोंगर लागतो.
तो मुलंच आणतात, ओढ्याकाठची चिकणमाती,
कुणी टोपीत, कुणी अंड्यांच्या खोक्यात.
सेयितबेकचा डोंगर दरवेळी भालदार.
मी म्हणते, हा एका वसंतातही टिकायचा नाही.
तो चिडून टोक दाबतो.
आता बरा दिसतो. जुना.

मग घमेल्यात डोंगर, डोंगराभोवती पाणी.
एक बोटभर. थांबा. हलवू नका.
पाणी टेकलंय तिथं सुईनं ओरखडा काढा,
पुरता वळसा घालून, निघालात तिथंच परत.
मग आणखी एक बोट.
पाणी कुणाची भीड धरत नाही,
सगळीकडं सारख्याच उंचीवर उभं राहतं.
शिखर बुडेस्तोवर ओरखडत जायचं,
पाणी ओतून द्यायचं,
वर काच धरून एक डोळा मिटायचा
आणि दिसेल ते काचेवर उतरवायचं.

"कांदा चिरल्यासारखं दिसतंय," एरमेक म्हणतो.
कांदाच आहे, बाळा.
पापुद्रे दाट तिथं धाप लागेल,
विरळ तिथं मेंढ्या बसतील.

दुसऱ्या आठवड्यात मी कपाटातला नकाशा काढते,
अठ्ठावन्न सालचा, घड्यांवर विरलेला.
कोपऱ्यात रशियन अक्षरं,
मधोमध चहाच्या पेल्याचं एक गोल तळं,
जे कुठल्याच मोजणीत नव्हतं.
आमचं कारा-तेक्तिर: अठरा काळे चौकोन.
गावाच्या डोक्यावर डोंगराची सोंड,
पाणी प्यायला उतरल्यासारखी.

मुलं खिडकीशी जातात. नकाशाशी येतात. पुन्हा खिडकी.
सोंड नाही.
"बाई, नकाशा चुकलाय."
मी गप्प.
कधी गप्प बसायचं, हे मला
नोकरीच्या दहाव्या वर्षी कळलं.

मग मोजायला जातो.
काठ्या, दोरी, पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी;
एका टोकाला आयझिरेक, दुसऱ्याला सेयितबेक,
मधे पाणी डुलतं, डुलतं, ठरतं.
घमेल्यातलंच पाणी ते, फक्त डोंगर खरा.
खिशात कुरुतचे खारट गोळे, दातांत धूळ.
तीन शनिवार. एक भांडण. एक हरवलेला बूट.

आकडे मांडले:
वर डोंगर एकतीस मीटरनं कमी,
खाली, अक्रोडांच्या राईपाशी, अकरा मीटर जास्त.
"म्हणजे तो गेला नाही," एरमेक हळूच म्हणतो,
"खाली येऊन बसलाय."

आयझिरेक जुन्या नकाशावर आमची काच ठेवते.
बोटानं मोजते.
"अकरा मीटरांच्या खाली तीन चौकोन आहेत."
हो.
"कुणाचे?"
एक मिराबचा, पाटाचं पाणी वाटणाऱ्याचा.
एक दोघा भावांचा, त्या रात्री ते बाजारगावी होते.
तिसऱ्यात माझी आई भाकरी भाजायची.
बर्फ वितळत होतं, एप्रिल होता, मी नववीत होते.
एवढंच सांगते. तास भूगोलाचा आहे.

तिला चिन्ह हवं असतं.
सूचीत विहीर आहे, दफनभूमी आहे, पिस्त्यांची झाडी आहे,
पडकं घरसुद्धा आहे.
'होतं' याचं चिन्ह नाही.
ती थोडा वेळ पेन्सिल चावते,
मग चौकोनाच्या तीन बाजू काढते
आणि चौथी मोकळी सोडते.
मी विचारत नाही का.

निघताना सेयितबेक वरून हाक मारतो.
शाळेच्या वरच्या उतारावर, गवतात, एक भेग,
कुणी वहीचं पान फाडायला घेतलं आणि थांबलं, अशी.
आम्ही दोन्हीकडं खुंट्या ठोकल्या.
ती रेघ नकाशावर घेतली, शाईनं नाही, पेन्सिलीनं.
एक प्रत जिल्ह्याच्या कचेरीत पाठवली;
पोच मिळाली, शिक्क्यासकट.

दर शनिवारी पाळीनं एकजण वर जातो.
परवा अंतर चार बोटं होतं.
आज एरमेकनं वहीत लिहिलंय:
चार बोटं आणि एक नख.
खाली कंसात: नख माझं, करंगळीचं.